कोपऱ्यातला गोल

आमच्या बंदरावर कुणी गेलं की मठातल्या भंतेंच्या आधी निरोप जातो किनुएकडे. मयताच्या पुढ्यात ठेवायला फोटो लागतो ना. आणि धड फोटो कुणाचाच नसतो. घरचे लोक शोधून शोधून काय आणतात, तर गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला गेले होते तेव्हाचा. तोंड दारूनं लाल, गळ्यात टॉवेल, खांद्यावर दुसऱ्याचाच हात. किनुए तो हात काढते, टॉवेल काढते, तोंडाचा लाल रंग उतरवते आणि अंगात काळा किमोनो चढवते. बर्फाच्या कारखान्यातला म्हातारा गेन्झो, जन्मात ज्यानं टाय बघितला नाही, तो वर गेला तो टाय लावून. त्याची बायको फोटो बघून म्हणाली, "हा कोण? ह्याच्याशी लग्न झालं असतं तर बरं झालं असतं."

तर अशी ही हातानो फोटो स्टुडिओवाली किनुए. डोंगरातल्या गावातून नवरी होऊन आली, सासऱ्याचा स्टुडिओ होता. नवऱ्याच्या हाताखाली फोटो धुवायला शिकली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण दुकानाचं दार हिनं एक दिवस बंद ठेवलं नाही. आधी लग्नं असायची, बारशी असायची. आता पोरं शहरात, लग्नं शहरात, फोटो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. तिच्याकडे उरलं काय, तर मयताचे फोटो आणि शाळेचा अल्बम.

नववी झाली की शाळा संपते आणि पोरं पांगतात, म्हणून नववीचा अल्बम निघतो. त्यात वर्गाचा एक मोठा फोटो. शाळेच्या पायऱ्यांवर तीन ओळी. "हसा" असं किनुए कधी म्हणत नाही. म्हणते, "एक, दोन, बांगडा." आणि पोरं हसतात. त्या दिवशी जो आला नाही, त्याचा चेहरा वेगळा घ्यायचा आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल करून लावायचा, ही पहिल्यापासूनची रीत. पूर्वी तो गोल ती दारूच्या छोट्या पेल्याचा काठ गिरवून कात्रीनं कापायची. आणि एकदा गोलात गेला तो जन्माचा गेला. न्हावी ताहेईला त्या दिवशी गालफुगी झाली होती. आज पन्नाशी उलटली त्याची, तरी वर्गातले त्याला चांदोबाच म्हणतात. तो हसतो म्हणा. पण त्यानं तो अल्बम आपल्या बायकोला कधी दाखवला नाही, हे किनुएला ठाऊक आहे.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता वर्गशिक्षक इवानामी सर दुकानात आले. तरुण माणूस, सारखा घाम पुसणारा.

"काकू, यंदा नववीच्या मुलांच्या हातात कॅमेरे द्यायचेत. त्यांच्या नजरेला शाळा कशी दिसते ते त्यांनी टिपायचं. तुम्ही शिकवा. वरून आलंय तसं."

"वरून म्हणजे देवाकडून?"

"शिक्षण खात्याकडून."

"मग जपून करायला हवं."

"आणि एकच बघा, फोटोत कुणाचा चेहरा येता कामा नये. आईबापांच्या सह्या घ्याव्या लागतात. फक्त जागा घ्यायच्या. स्नेहसंमेलनात प्रदर्शन लावू."

किनुएला गंमत वाटली. जन्मभर तिनं त्या शाळेतले चेहरेच टिपले, शाळा नुसती मागं असायची. आता चेहरे सोडून शाळा.

पोरं बावीस-तेवीस. पहिल्या दिवशी शुन्ता नावाचा एक उंच पोरगा, त्याला गप्प बसवत नाही, तो म्हणाला, "काकू, भूत आलं फोटोत तर? त्याच्या आईची सही कुठून आणू?"

"तुझा चेहरा आला तरी भूतच समजतील," किनुए म्हणाली. मग जमलं त्यांचं.

आठवड्यातून एक तास. पोरं जोडीजोडीनं हिंडायची आणि मग सगळे फोटो विज्ञानाच्या खोलीतल्या लांब टेबलावर मांडायचे. नळाला संत्र्याच्या जाळीत टांगलेला साबण, झिजून सुपारीएवढा. व्यायामशाळेच्या मागची गवताची पट्टी. वाकाना म्हणून वर्गाची मॉनिटर होती, हुशार, नीटनेटकी, तिनं काय आणलं, तर लाउडस्पीकरवरून सूचना देतात त्या खोलीचं दार, आतून कडी लावलेलं. किनुएनं विचारलं, "हे का गं?" तर म्हणाली, "इथं कुणी मला काही विचारत नाही." आणि मधल्या जिन्याच्या वळणावर जो मोठा आरसा आहे, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, तो सात-आठ जणांनी वेगवेगळा टिपला होता. प्रत्येकानं बाजूनं, आपण आरशात येणार नाही असा. तिथून जायला म्हणे कुणालाच आवडत नाही. किनुए तर त्याच आरशापुढे पोरांच्या कॉलर सारख्या करायला लावायची. तिला आपलं वाटायचं, बरा आहे आरसा.

एके दिवशी शाळेच्या नर्सबाई, सेनोबाई, तिला दाराशी थांबवून म्हणाल्या, "एक कॅमेरा माझ्याकडे द्याल का? चिहारुसाठी."

चिहारु त्याच वर्गातली. तिची आई बंदरावर माकुळं, ती दहा पायांची मासळी, सोलून वाळत घालते. आठवी सुरू झाली, आणि एका सकाळी ही पोरगी जिन्यापाशी उभी राहिली ती वर चढेचना. कुणी मारलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. काही झालं नव्हतं, म्हणून तर कुणाला काही सांगता येईना. तेव्हापासून ती यायची मागच्या दारानं, नर्सबाईंच्या खोलीत बसायची, तिथंच जेवायची, तिथंच गणितं सोडवायची, आणि सगळे सुटायच्या आधी निघून जायची.

किनुएनं कॅमेरा दिला. पहिल्यांदा जे फोटो आले ते खोलीतलेच. पलंगाचा पडदा, पिवळी फुलं असलेला. खिडकीतून दिसणारं मैदान, पण इतक्या खालून की पोरांचे नुसते बूट. पुढच्या खेपेला चपलांचे कप्पे. तिच्या कप्प्यात वर्गात घालायचे पांढरे बूट तसेच, टाचेवर आईनं लिहिलेलं नाव.

"अजून येतात का पायाला?" किनुएनं विचारलं.

"नाही," चिहारु म्हणाली. "पण काढून नेले तर कप्पा रिकामा दिसेल."

पुढच्या खेपेला जिन्याची पहिली पायरी. मग जिन्याचं वळण, आरसा सोडून. मग दुसरा मजला. सेनोबाई म्हणाल्या, सगळे साफसफाईला गेले की ही एकटी जाऊन येते. कॅमेरा डोळ्याला लावला की जमतं, म्हणते. किनुए दुकान बंद करून ते फोटो एकामागून एक बघायची आणि तिला कळायचं, पोरगी चढतेय. आणि तिनं मनाशी घेतलं. यंदा गोल लावायचा नाही. चिहारु पायऱ्यांवर उभी राहील, कडेला का होईना, सगळ्यांच्या बरोबर. तिसऱ्या ओळीच्या टोकाची जागा तिनं मनात राखूनसुद्धा ठेवली.

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर शेवटचा फोटो आला. वर्गाच्या दाराच्या काचेतून आत. चिहारुचं डेस्क. आणि डेस्कवर काय नव्हतं? वाटायच्या कागदांचं खोकं, रंगांचे डबे, कुणाची खेळाची पिशवी, फडक्यांची चळत. दीड वर्ष रिकामी जागा, पोरांनी फळी केली होती तिची.

किनुएनं चिहारुला विचारलं, "हे सगळे भिंतीवर लावू का गं? नाव नाही घालणार."

चिहारु पडद्याची कडा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

आता आमच्याकडे असं बोलणाऱ्या माणसाला ते नको असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मोठ्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणणार? किनुएलाही कळत होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं तिथंच विषय सोडला असता. पण तिचं मन पुढं धावलेलं. तिला ते 'हो' ऐकायचं होतं, आणि तिनं ऐकलं.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः फोटो लावले. साबणाचा, गवताचा, आरशाचे सगळे. आणि एका भिंतीवर चिहारुचे, ओळीनं. पडदा, मैदान, कप्पा, पायरी, वळण, काच, डेस्क. तिला ते इतकं सुंदर दिसलं की ती शिडीवरच दोन मिनिटं बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आईबाप आले, आज्या आल्या. पिवळ्या फुलांचा पडदा शाळेत एकाच खोलीत आहे, आणि त्या खोलीत कोण बसतं हे गावाला माहीत. नाव लिहायची गरज काय? लोक त्या भिंतीपुढं थांबायचे, डेस्कपर्यंत यायचे आणि हळू आवाजात बोलायला लागायचे. वाकानाची आई डोळे पुसत बाहेर गेली. पोरं तिथून जाईनातच. शुन्ता किनुएला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "काकू, आम्ही मुद्दाम नाही केलं. जागा होती म्हणून ठेवलं." एरवी टिवल्याबावल्या करणारा पोरगा, ओठ पांढरे पडले होते त्याचे.

"कुणी काही म्हटलंय का तुला?"

"नाही. म्हणूनच."

इवानामी सरांनी सोमवारी काय करावं? चांगलंच करायला गेले बिचारे. वर्गाला घेऊन डेस्क रिकामं केलं, साबणानं धुतलं, खुर्चीच्या पायांना नवी बुचं लावली. आणि जाड पुठ्ठ्याचं चौकोनी कार्ड आणलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, कुणाची बदली झाली की देतात तसं. मध्ये मोठ्या अक्षरात 'आम्ही वाट बघतोय', आणि भोवती सूर्याच्या किरणांसारखं प्रत्येकानं रंगीत पेनानं दोन-दोन ओळी. लवकर ये. तुझ्याशिवाय वर्ग अपुरा आहे. सगळे मिळून फोटो काढू. वाकाना आणि शुन्ता ते कार्ड घेऊन नर्सबाईंच्या खोलीत गेले, सर मागं उभे. चिहारु उठून उभी राहिली, वाकून कार्ड घेतलं, "आभारी आहे" म्हणाली. सर किनुएला सांगत आले, "काकू, हसली ती."

दुसऱ्या दिवसापासून चिहारु मागच्या दारानंही यायची बंद झाली.

सेनोबाई तिच्या घरी जाऊन आल्या आणि तडक स्टुडिओत. बोलायला लागल्या ते उभ्यानंच. "पायरी पायरीनं जात होती हो. कुणाला कळू न देता जात होती. तुम्ही त्याची भिंत केलीत, सरांनी कार्ड केलं."

किनुएनं चहा ओतला होता, तो तसाच राहिला. "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, सामान होतं तेच बरं होतं. आता ते पुसून ठेवलंय, म्हणजे मी जाऊन बसायलाच पाहिजे. नाही गेले तर मी वाईट."

सेनोबाई गेल्यावर किनुए चप्पल घालून माकुळांच्या वाडीकडे निघाली, अर्ध्या वाटेवर थांबली आणि परत आली. जाऊन काय सांगणार? माफी मागितली तर पोरगी "नाही नाही, माझंच चुकलं" म्हणणार. तेही ओझं तिच्याच डोक्यावर.

वर्गाचा फोटो ठरल्या दिवशी झाला. ऊन छान होतं. तीन ओळी लागल्या. तिसऱ्या ओळीच्या टोकाला कुणी उभं राहीना, न सांगता सगळ्यांनी जागा सोडलेली. किनुए म्हणाली, "सरका रे, टोकाला तुटल्यासारखं दिसतंय." कुणी सरकलं नाही. "एक, दोन, बांगडा," ती म्हणाली. हसलं फारसं कुणी नाही.

आणि मग तो गोल आला. इवानामी सर म्हणाले, "ती फोटोला बसत नाही म्हणते. सातवीत शाळेत आली तेव्हाचा आहे आपल्याकडे. तोच लावा." किनुएनं तो फोटो काढून बघितला. बारा वर्षांची पोर, बाजूचा सुळा अर्धा आलेला, नवीन युनिफॉर्म खांद्यावरून उतरतोय, आणि खदखदून हसतेय. खाली पंधरा वर्षांची मिसरूड फुटलेली पोरं आणि वर कोपऱ्यात हे लेकरू. मयताच्या घरी लहानपणीच गेलेल्या भावाचा जुना फोटो असतो ना भिंतीवर, तसं. किनुएनं तो फोटो पाकिटात घातला आणि सरांना सांगितलं, "हा मी लावणार नाही."

"मग काय, सोडून द्यायचं तिला? तिची आई काय म्हणेल?"

आई दोन दिवसांनी आलीच. हाताला माकुळांचा वास, एप्रन तसाच. म्हणाली, "ताई, गोल तर गोल. पण माझी पोरगी त्यात असू दे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, ही कोण, ही आमच्या शाळेत नव्हतीच."

"तिला काय हवंय?"

"तिला विचारलं की म्हणते, तुला योग्य वाटेल तसं."

किनुएनं मान खाली घातली. मग म्हणाली, "तिला सांगा, शाळेचा कॅमेरा अजून तुझ्याकडे आहे, तो परत करायचाय. शाळेत नको, इथं आणून दे म्हणावं. घाई नाही."

दिवस गेले. छापखान्याचे फोन यायला लागले. डिसेंबरात एकदा भर दुपारी, बाहेर पाण्यासारखा बर्फ पडत होता, दार सरकलं आणि चिहारु आत आली. अंगात तपकिरी स्वेटर, केस ओले. काउंटरवर कॅमेरा ठेवला. किनुएनं टॉवेल दिला, शेगडीजवळ स्टूल सरकवलं. म्हणाली, "तुझे फोटो मी लावायला नको होते. तू नको म्हणाली होतीस, आणि मला ते कळलं होतं."

चिहारुनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "सातवीतला नका लावू."

"नाही लावणार. काहीच न लावता छापू का? तू म्हणशील ते."

"आई रडेल."

"रडू दे की. तुला काय हवंय?"

"मला माहीत नाही," चिहारु म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "सगळे मला तेच विचारतात. मला माहीत असतं तर मी जिना चढले नसते का?"

शेगडीवरची किटली उकळायला लागली, किनुएनं ती उतरवली. जरा वेळानं चिहारु उठली, स्टुडिओच्या आतल्या खोलीत डोकावली, खुर्ची बघितली, पडदा बघितला. म्हणाली, "आपला आपण काढता येतो का फोटो?"

"येतो. बटण दाबून जाऊन बसायचं. दहा आकडे मोजून तो घेतो."

"तुम्ही बाहेर थांबाल?"

किनुए बाहेर थांबली. दार लोटून घेतलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज, बटणाचा आवाज, मग पावलं, मग काहीच नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. किनुए काउंटरवरून फडकं फिरवत राहिली. बाहेर आली तेव्हा चिहारुचे डोळे लाल होते. म्हणाली, "शेवटचा. गोल करायचा असला तर करा. पण बाकी काही करू नका त्याला."

इवानामी सर फोटो बघून घाम पुसायला लागले. "काकू, युनिफॉर्म नाही. तो तुम्हाला वरून चढवता येईल ना? आणि तोंड जरा... थोडं हसरं करता येतं ना आजकाल?"

"येतं," किनुए म्हणाली. "पण करणार नाही. तो फोटो माझा नाही."

सरांनी हेडसरांना विचारलं, हेडसरांनी आणखी कुणाला. शेवटी छापला तसाच. मार्चमध्ये अल्बम वाटले. तीन ओळी, टोकाला एका माणसाची मोकळी जागा, आणि वर कोपऱ्यात गोलात चिहारु. तपकिरी स्वेटर, ओले केस, सरळ समोर बघतेय. बघणारा माणूस पान लगेच उलटतो. आमच्याकडे ते सगळ्यांना आवडलं असं नाही. ताहेई न्हावी म्हणाला, "काकू, एवढं तर हातचं होतं तुमच्या. पोरीचे केस तरी वाळवायचे."

चिहारु निरोपाच्या समारंभाला गेली नाही. तिचा अल्बम सेनोबाईंनी घरी नेऊन दिला. आता ती मात्सुए शहरातल्या एका शाळेत आहे, घरी बसून अभ्यास पाठवायचा असतो तिथं, महिन्यातून एकदा जायचं. जाते कधी, कधी नाही.

उन्हाळ्यात तिची आई सुकी माकुळं घेऊन किनुएकडे आली. बसली, उन्हाचं बोलली, माकुळांच्या भावाचं बोलली. मग म्हणाली, "तिनं अल्बम पिशवीतून काढलाच नाही अजून. मीच काढला. ताई, खरं सांगा, ती अशी का बघते हो त्यात?"

"मी बाहेर होते," किनुए म्हणाली. "तिनं एकटीनं काढलाय."

"माहितेय मला. म्हणून तर बघवत नाही." आईनं एप्रनला हात पुसले, पिशवी उचलली, दारापाशी जाऊन थांबली. "मी रोज बघते मात्र."